रोवण्याच्या दिवसांत कोलंबिया

सकाळी 5.30

रात्रभर लागून असलेला पाऊस पहाटे उघडला. जुलैचा दुसरा शनिवार. दवनीवाड्यातलं अर्धं गाव आज बांधीत उतरणार. पऱ्हे रोवणीला आलेत आणि मजूर मिळेनात. आई प्लॅस्टिकची पन्नी डोक्यावर घेऊन निघता निघता म्हणाली, "तू येऊन राहिला का रोवण्यावर, का आज तुझं वाचनालयच?" दुपारी डबा घेऊन येतो म्हटलं. ती काही बोलली नाही, पण वाचनालय चालवणं हे तिच्या हिशेबात काम आहे, याची मला खात्री आहे. ते बंद असलं की तीच पहिल्यांदा विचारते.

मी गावातल्या छोट्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल. दोन खोल्या, पाच कपाटं, एक लांब टेबल. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आम्ही एका विषयावर बसतो. मागच्या बैठकीत बारावीतल्या एका मुलानं विचारलं होतं, "बाबासाहेब अमेरिकेत शिकले, असं सगळेच सांगतात. पण तिथं ते नेमकं काय शिकले?" मी पदव्या सांगितल्या. तो म्हणाला, "पदव्या ठाऊक आहेत, भाऊ." महिनाभर तो प्रश्न माझ्यासोबत आहे, आणि आज त्याला उत्तर द्यायचं आहे.

सकाळी 6.30

कुलूप उघडायच्या आधीच पोलीस भरतीची मुलं पायरीवर बसलेली असतात. धावून आलेली, पायाला चिखल. हातपाय धुऊन ती सामान्य ज्ञानाची पुस्तकं घेऊन टेबलाला लागतात. मी झाडून घेतो, खिडक्या उघडतो, ओल आलेल्या कपाटांची दारं वाऱ्याला सताड उघडी ठेवतो. मग फळा पुसून लिहितो: आजची बैठक, कोलंबिया विद्यापीठ, न्यूयॉर्क. संध्याकाळी 6 वाजता.

"भाऊ, कोलंबिया तर देश आहे ना? दक्षिण अमेरिकेत?"

प्रश्न रास्त आहे. देशाचं आणि विद्यापीठाचं नाव एकाच कोलंबसावरून पडलं. पण विद्यापीठाचं मूळ नाव हे नव्हे. 1754 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याच्या सनदेनं ते निघालं, तेव्हा त्याचं नाव किंग्ज कॉलेज होतं, राजाचं कॉलेज. अमेरिका स्वतंत्र झाली आणि राजाचं नाव नको झालं. लढाईमुळे 1776 पासून बंद पडलेलं कॉलेज 1784 मध्ये उघडलं ते कोलंबिया या नावानं. त्या काळी अमेरिकेचे लोक आपल्या देशालाच लाडानं कोलंबिया म्हणत. एका मुलानं हे वहीच्या शेवटच्या पानावर उतरून घेतलं. भरतीत विचारलं तर उपयोगी पडेल, म्हणाला. पडो.

सकाळी 8.00

वर्तमानपत्रांची वेळ. मराठीची दोन, हिंदीचं एक. वैनगंगेपलीकडे बालाघाट आणि मध्य प्रदेश आहे, त्यामुळे हिंदी पेपर वाचणारे आमच्याकडे कमी नाहीत. गावच्या बोलीतही झाडीबोली, पोवारी आणि हिंदी असं सगळं मिसळलेलं असतं.

फळ्यावरचं वाचून एक आजोबा थांबले. वय ऐंशीच्या वर. म्हणाले, "बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून उभे होते. माझा बाप सांगे." खरं आहे. 1954 मध्ये भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते आणि हरले. आमचा गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा झाला तो 1 मे 1999 ला. त्या पोटनिवडणुकीच्या दोनच वर्षं आधी, 5 जून 1952 ला, कोलंबियानं न्यूयॉर्कला बोलावून बाबासाहेबांना डॉक्टर ऑफ लॉज ही मानाची पदवी दिली होती. दोन तारखांमध्ये दोन वर्षंसुद्धा नीट नाहीत. मी आजोबांना हे सांगितलं. ते बराच वेळ पेपर उघडा धरून बसले, पण वाचत नव्हते.

सकाळी 10.30

मुलं गेली की वाचनालय रिकामं होतं. देवघेवीच्या नोंदी, आलेल्या मासिकांवर शिक्के, वाळवी लागलेल्या खालच्या फळीची तपासणी. तासाभरात हे उरकतं. मग महाराष्ट्र शासनानं काढलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड टेबलावर घेतो. आमच्याकडे पहिला, सहावा आणि बारावा आहे. इंग्रजी आहेत, जवळ शब्दकोश लागतो. पहिला खंड 1979 चा. त्याच्या सुरुवातीलाच तो निबंध आहे, जो वाचल्यावर मला त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर दिसू लागलं.

बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले ते जुलैमध्येच, 1913 च्या. वय 22. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील वारले होते. मुंबई विद्यापीठाची बी.ए. 1912 मध्ये झाली होती. आता मुंबई विद्यापीठ म्हणजे तेव्हा काय होतं, हे समजून घ्यायला हवं. 1857 मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते निघालं. कॉलेजं शिकवणार, विद्यापीठ परीक्षा घेणार आणि पदवी देणार. शिक्षकानं सांगितलेलं विद्यार्थ्यानं परत लिहून दाखवायचं. आमचं नागपूर विद्यापीठ 4 ऑगस्ट 1923 चं. त्याआधी या भागातली कॉलेजं आधी कलकत्त्याला आणि मग अलाहाबादला जोडलेली होती. एवढ्या लांबच्या विद्यापीठाचं विद्यार्थ्यापर्यंत येऊन येऊन काय येणार? प्रश्नपत्रिका.

कोलंबिया त्या वेळी वेगळ्या वाटेवर बरंच पुढे गेलेलं होतं. शिक्षकानं फक्त असलेलं ज्ञान वाटू नये, नवं निर्माण करावं, आणि विद्यार्थ्यालाही त्या कामात बरोबर घ्यावं, ही जर्मन विद्यापीठांची पद्धत. अमेरिकेत 1876 मध्ये निघालेल्या जॉन्स हॉपकिन्सनं ती उचलली. कोलंबियात जॉन बर्जेस यांनी 1880 मध्ये राज्यशास्त्राची पदव्युत्तर शाखा काढली ती याच विचारानं. अशा विद्यापीठाचंच नाव संशोधन विद्यापीठ. त्याचा गाभा म्हणजे सेमिनार. एका टेबलाभोवती दहा-पंधरा जण बसतात, एक जण स्वतः शोधलेलं वाचून दाखवतो, बाकीचे त्याला प्रश्न करतात, आणि शिक्षकही त्या टेबलावरचा एक असतो.

बाबासाहेब याच शाखेत दाखल झाले. त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी विद्यापीठाच्या नोंदींत आहे. अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा आकडे मोजत बसलो होतो. आता तिच्यात मला एक माणूस दिसतो, जो या वर्गातून त्या वर्गात जातोय आणि ज्याला कोणी अडवत नाही. इथे साताऱ्याच्या शाळेत त्याला वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागलं होतं.

शिक्षक कोण होते? सार्वजनिक अर्थशास्त्राचे एडविन सेलिग्मन. तत्त्वज्ञानाचे जॉन ड्युई. इतिहासाचे जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल. मानववंशशास्त्राचे अलेक्झांडर गोल्डनवायझर. त्यांचे गुरू फ्रान्झ बोआस यांनी वंशाच्या उच्चनीचतेच्या कल्पनेला त्याच विद्यापीठात शास्त्राच्या आधारानं सुरुंग लावलेला होता.

9 मे 1916 ला गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वय 25. जातीचं मर्म बेटीबंदीत आहे, असं त्यांनी मांडलं. जातीबाहेर लग्न होऊ द्यायचं नाही, हे एकदा ठरलं की जातीत बायका आणि पुरुष यांची संख्या जुळवत बसावं लागतं. मग नवऱ्यामागे उरलेल्या विधवेचं काय करायचं? सती, सक्तीचं वैधव्य. आणि विधुराचं? त्याला लहान मुलगी. बालविवाह त्यातून येतो. धर्मग्रंथात काय लिहिलं आहे यापासून सुरुवात न करता त्यांनी समाज प्रत्यक्षात कसा चालतो, तिथून सुरुवात केली. ते घरून प्रश्न घेऊन गेले होते. कोलंबियानं तो प्रश्न मांडायची रीत दिली आणि ऐकणारे दिले. पुढच्याच वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला.

निबंधात एक गोष्ट मला फार आवडते. बाबासाहेब तिथं जातीच्या आधीच्या चार व्याख्या तपासतात: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार. जन्म 1884, रायपूरचा, म्हणजे आमच्या गोंदियावरून हावड्याला जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवरचा. शिकले अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात. जातिसंस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1909 मध्ये निघालं आणि 1911 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. बाबासाहेब त्यांना मान देतात, कारण बाकीचे बाहेरून बघणारे, हा आतला माणूस. आणि मान देऊन त्यांच्याही व्याख्येत चूक दाखवतात. दोन मराठी माणसं न्यूयॉर्क राज्यातल्या दोन विद्यापीठांत बसून जातीवर वाद घालत आहेत, तेही कागदावर, पुराव्यानं.

दुपारी 12.45

डबा घेऊन बांधीत. भात, लाखोरीचं वरण, कांदा. गुडघाभर चिखलात बायका ओळीनं मागे मागे सरकत रोवतात. पाऊस भुरभुर चालू. मी पेंड्या टाकू लागलो. आईनं विचारलं, "आज काय सांगणार पोरांना?" सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "शिकायला पैसे कोणी दिले त्याला?"

बाईचा प्रश्न विद्यापीठाच्या कुठल्याही इतिहासाइतका मोलाचा आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार जून 1913 मध्ये झाला. त्या पैशात खोली, जेवण, पुस्तकं, आणि त्यातूनच घरी रमाबाईंना पाठवायचे. तरीही चरित्रकार धनंजय कीर सांगतात की न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून बाबासाहेबांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. शेजारी रोवत असलेली एक काकू हे ऐकून म्हणाली, "दोन हजार? ठेवली कुठं?" सगळ्या हसल्या. मला उत्तर देता आलं नाही. विद्यार्थी वसतिगृहाची, लिव्हिंग्स्टन हॉलची, खोली काही मोठी नसणार.

दुपारी 2.30

परत आलो तर लाइन गेलेली. दाराशी खुर्ची ओढून बाहेरच्या उजेडात टिपणं काढली. आता विद्यापीठाचं वय आणि चारित्र्य. हे मला लपवून सांगायचं नाही.

पहिले वर्ग जुलै 1754 मध्ये ट्रिनिटी चर्चशेजारच्या शाळेत भरले. विद्यार्थी आठ. शिक्षक आणि अध्यक्ष एकच, सॅम्युएल जॉन्सन. कॉलेजसाठीचे पैसे सोडत काढून, लॉटरीनं उभे केले होते. अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे, अमेरिकेचं राज्य उभं करणारे दोघे, इथलेच विद्यार्थी. पण सुरुवातीच्या विश्वस्तांमध्ये गुलामांच्या व्यापारातून श्रीमंत झालेले व्यापारीही होते. स्थापनेपासून अमेरिकेतल्या यादवी युद्धापर्यंत दहा अध्यक्ष झाले, त्यांपैकी किमान निम्म्यांनी कधी ना कधी गुलाम बाळगले होते. हे दुसऱ्या कुणी उकरून काढलेलं नाही. विद्यापीठातल्याच इतिहासकारांनी आणि विद्यार्थ्यांनी जुनी दप्तरं तपासली आणि 2017 मध्ये जाहीर केलं. आपल्या घराची दप्तरं स्वतः उघडून दाखवणं ही मी मोठी गोष्ट मानतो. आपल्याकडे किती संस्था हे करतील?

मध्ये शंभर वर्षं ते एक लहान शहरी कॉलेजच होतं. 1857 मध्ये मॅडिसन ॲव्हेन्यूवर हललं. सेथ लो अध्यक्ष झाल्यावर 1896 मध्ये ते विद्यापीठ झालं आणि 1897 मध्ये मॉर्निंगसाइड हाइट्सच्या टेकडीवर गेलं, जिथं आधी वेड्यांचं इस्पितळ होतं. लो यांनी वडिलांच्या आठवणीसाठी स्वतःचे दहा लाख डॉलर घालून मधोमध घुमटाचं ग्रंथालय बांधलं. बाबासाहेब गेले तेव्हा विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय तेच. इतर इमारती त्याच्या आजूबाजूला उभ्या राहिल्या. विद्यापीठ बांधताना कोणी पुस्तकांचं घर मधोमध ठेवलं, हे वाचून माझ्यासारख्या दोन खोल्यांच्या ग्रंथपालाला काय वाटतं, ते लिहून सांगता येत नाही.

पुढचं वेगानं लिहून काढलं. पुलित्झरच्या देणगीतून 1912 मध्ये पत्रकारितेची शाळा. जानेवारी 1939 मध्ये प्युपिन इमारतीच्या तळघरात अणू फोडून पाहिला. 1968 मध्ये विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या, कारण विद्यापीठाचे युद्धसंशोधनाशी संबंध होते आणि शेजारच्या हार्लेमच्या बागेत ते व्यायामशाळा बांधायला निघालं होतं. व्यायामशाळा तिथं झाली नाही.

सायंकाळी 4.30

बारावीतली एक मुलगी सायकलवरून आली, रोवण्यावरून थेट, हाताची बोटं चिखलानं भुरकट. फळा वाचून म्हणाली, "मुलींना घेत होते का तिथं?"

कोलंबिया कॉलेजनं मुलींना पदवीसाठी घेतलं 1983 मध्ये. हो, 1983. शेजारी 1889 पासून मुलींसाठी बर्नार्ड कॉलेज होतं, पण मुख्य कॉलेजचा दरवाजा सव्वादोनशे वर्षं बंद होता. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 11 मार्च 1886 ला डॉक्टर झाल्या, त्याच्या 97 वर्षांनंतर हा दरवाजा उघडला. ती म्हणाली, "मग मोठं कसं म्हणता त्याला?" मी म्हटलं, हे संध्याकाळी सगळ्यांसमोर विचार.

सायंकाळी 6.00

पावसानं माणसं कमी येतील वाटलं होतं. चौदा आली. आजोबाही आले. लाइन आली होती.

मुलीनं प्रश्न विचारला. भरतीच्या मुलानं दुसरा जोडला, "आणि तिथं जात नव्हती का?" होती, वेगळ्या नावानं. त्याच काळात अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांच्या कारकिर्दीत ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आवळून धरायचे प्रयत्न झाले. आणि सेलिग्मन, बाबासाहेबांचे गुरू, स्वतः ज्यू होते. टेकडीखालीच हार्लेम, तिथं काळ्या लोकांची वस्ती वाढत होती. म्हणून मी पोरांना सांगितलं की कोलंबियाला देऊळ करू नका. पण बाबासाहेबांनी 1930 मध्ये तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात लिहिलं आहे की आयुष्यातले सगळ्यात चांगले मित्र त्यांना कोलंबियातले वर्गमित्र आणि तिथले प्राध्यापक यांच्यात मिळाले. ज्याला स्वतःच्या गावात कोणी शेजारी बसू देत नव्हतं, त्याचं हे वाक्य मी हलकं मानणार नाही. मोठेपण त्या टेबलाचं आहे, ज्याच्याभोवती पंचवीस वर्षांच्या परक्या मुलाचा प्रश्न प्राध्यापकांनी आपला मानला.

महिनाभर वाट पाहणारा बारावीचा मुलगा शेवटी बोलला. "म्हणजे ते प्रश्न विचारायला शिकले?"

मी म्हटलं, प्रश्न त्यांच्याकडे होताच. तो पुराव्यानं मांडायला शिकले. आणि काम पुरं करायला. पीएच.डी.चं काम 1916 मध्ये अर्धवट सोडून लंडनला गेले, शिष्यवृत्ती संपली म्हणून परतावं लागलं, पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ 1925 मध्ये छापला, सयाजीरावांना अर्पण केला, प्रस्तावना सेलिग्मन यांची, आणि कोलंबियाची पीएच.डी. मिळाली 8 जून 1927 ला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. त्यानं 1927 दोनदा लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मग आजोबांनी ड्युईंचं विचारलं, कारण मी नाव घेतलं होतं. ड्युई वारले 1 जून 1952 ला, न्यूयॉर्कमध्ये. पदवीदान पाच तारखेला. चार दिवसांनी भेट हुकली. आजोबा म्हणाले, "अरे, अरे." एवढंच.

रात्री 9.30

मुलं अभ्यासाला बसलेली होती, त्यांना उठवून खिडक्या लावल्या. इथे साडेनऊ म्हणजे न्यूयॉर्कला या दिवसांत दुपारचे बारा. सायकलवाल्या मुलीनं पहिला खंड घरी मागितला. संदर्भग्रंथ बाहेर द्यायचा नसतो, मी दिला. नोंदवहीत लिहिलं, सही घेतली. जाताना तिनं विचारलं, "केतकर काय म्हणाले होते, ते कुठं मिळेल वाचायला?"

ते पुस्तक आमच्याकडे नाही, त्यांचा ज्ञानकोशही नाही. केतकरांच्या ज्ञानकोशाचे 23 खंड शहरातल्या कितीतरी जुन्या घरांत माळ्यावर बांधून ठेवलेले असतात, हे मला ठाऊक आहे. तुमच्या घरी असतील, एखादाच खंड असेल, तरी तो गावाकडच्या कुठल्याही वाचनालयाला द्या. आमच्याकडे दिलात तर गोंदियाच्या एसटी स्टँडवर न्यायला मी स्वतः येतो.